सात कॅन पाणी

"ताई, माणशी रोजचे सात लिटर धर. पिणं, स्वयंपाक, भांडी, अंग पुसणं, सगळं त्यातच," भाऊ फोनवर म्हणाला. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात तीन माणसं, सहा दिवस, म्हणजे १२६ लिटर. वाळूत गाडी रुतली, एखादा दिवस वाढला तर? म्हणून २० लिटरचे सात कॅन. मी कागदावर आकडा मांडला आणि सवयीने शेजारी लिहिलं, साधारण नऊ हंडे.

हंड्यांत मोजायची सवय माहेरची. येवला तालुक्यात राजापूरच्या अंगाला, माळावरच्या एका वस्तीवर आमचं घर. १९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. विहिरीच्या तळाला एक झरा उरला होता. त्याच्यापाशी आई वाटी घेऊन बसायची. वाटी भरली की घागरीत, घागर भरली की दोराने वर. मी काठाशी बसून राहायचे, कारण तिने खालून हाक मारली की बाबांना बोलावून आणायचं काम माझ्याकडे होतं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे आम्ही घड्याळावर कधी पाहिलं नाही. तेवढ्यात सावली विहिरीची एक पायरी उतरायची, एवढं माहीत होतं.

पुढे मी भूगोल शिकवला. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याला ५०० च्या आसपास, हे दोन आकडे मी दर वर्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. दोन्ही नाशिक जिल्ह्यातलेच. लग्न होऊन नाशिकला आले, नळाला गंगापूर धरणाचं पाणी आलं, आणि कोरड्या मुलखात पुन्हा हौसेने जायचं नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण धाकटा भाऊ गेली एकोणीस वर्षं बोत्सवानात, गाबोरोनेला नोकरी करतो. मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या मे महिन्यात त्याने तिकीटच पाठवलं. "तुला आपला माळ दाखवायचाय," म्हणाला. मला वाटलं, घरच्या आठवणीने बोलतोय.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे गाबोरोने. तिथून भाऊ, त्याची बायको मेघा आणि मी, असे गाडीने उत्तरेला निघालो. सेरोवे, मग लेत्लाकाने. तिथे मुक्काम करून टाकी आणि वरचे दोन डबे डिझेलने भरून घेतले, कारण पुढच्या गावात पंपावर डिझेल मिळेलच असं नसतं. मेघाने दुकानातून 'माबेले'चं पीठ घेतलं. पिशवी उघडून चिमूटभर तोंडात टाकलं तर ज्वारी! जरा भरड दळलेली, पण ज्वारीच. ज्वारी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेल्या, हे मी मुलांना शिकवलंय. तरी परक्या देशातल्या दुकानात आपल्या भाकरीची चव जिभेला लागली तेव्हा मला भरून आलं. मेघा म्हणाली, "ताई, तुम्ही भाकरी थापणार असाल तर मी तवा घेते." आम्ही तिथेच एक बिडाचा तवा घेतला.

राकोप्सच्या पुढे डांबर सुटलं आणि वाळू लागली. भावाने उतरून चारही चाकांची हवा पस्तीसवरून बावीसवर आणली. हवा कमी केली की टायर पसरतं आणि वाळूत कमी रुततं. रेडिएटरच्या पुढे त्याने बारीक जाळी बांधली. ती कशाला हे मला लगेच कळलं, कारण दोन चाकोऱ्यांच्या मध्ये कमरेएवढं वाळलेलं गवत होतं आणि त्याला कुसळं होती. अगदी आपली असतात तशी, लुगड्याच्या काठात शिरली की निघत नाहीत ती. गाडी चालताना ही कुसळं रेडिएटरमध्ये भरतात आणि इंजिन तापतं. गाडीखाली सायलेन्सरच्या नळीपाशी गवत अडकलं तर ते पेटतं. दर तासाभराने थांबून भाऊ गाडीखाली सरपटत जायचा आणि तारेच्या आकड्याने गवत ओढून काढायचा.

मात्स्वेरे फाटकावर नोंद झाली आणि आम्ही मध्य कालाहारीच्या राखीव प्रदेशात शिरलो. हा प्रदेश १९६१ साली राखीव झाला. क्षेत्रफळ ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिकसारखे तीन जिल्हे त्यात मावतात आणि वर जागा उरते. आत पेट्रोल नाही, दुकान नाही. तंबूच्या जागेला कुंपणही नाही. एक नंबर लिहिलेला खांब, खड्ड्याचा संडास, बादली टांगून अंघोळ करायला काठ्यांचा आडोसा, एवढंच. शेजारचा मुक्काम काही किलोमीटर लांब. आमचे दोन तंबू गाडीच्या टपावरच उघडायचे होते. शिडीने वर चढायचं आणि रात्री खाली उतरायचं नाही, हा पहिला नियम. तिन्हीसांजेच्या आत स्वयंपाक, जेवण, भांडी उरकायची, हा दुसरा.

भांड्यांचं काम मी मागून घेतलं. मेघा पाण्याचा तांब्या घेऊन आली तोवर मी चुलीतली राख आणि मूठभर वाळू घेऊन तवा, पातेली कोरडीच घासली होती. मग फडक्याने पुसून शेवटी अर्ध्या तांब्यात तिन्ही ताटं विसळली. आई असंच करायची. मेघा पुण्यात वाढलेली, ती बघतच राहिली. त्या संध्याकाळी माझ्या हाताला पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या सगळ्या गोष्टी आठवत होत्या, मला स्वतःला आठवायच्या आधी.

आमचा पहिला मुक्काम डिसेप्शन व्हॅलीत होता. नाव दरीचं असलं तरी ती दरी नव्हे. हजारो वर्षांपूर्वी तिथून नदी वाहत होती, आता तिचं पात्र गवताने भरलंय. मधेमधे 'पॅन' आहेत, म्हणजे चिकणमातीचे सपाट, उथळ खळगे. दुपारच्या उन्हात लांबून एक पॅन पाहिला आणि मी शपथेवर सांगितलं असतं की तिथे पाणी आहे. निळं, हलणारं. व्हॅलीला 'फसवी' म्हणतात ते यामुळेच. जवळ गेलो तर भेगाळलेली माती. भाऊ म्हणाला, "आपल्याकडे एप्रिलमध्ये नगरसूलच्या रस्त्याला दिसतं की असंच."

आणि त्या मातीच्या कडेने ऑरिक्सचा कळप उभा होता. राखाडी अंग, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, तलवारीसारखी सरळ शिंगं, नराला आणि मादीला दोघांनाही. मी आजवर ज्या जनावरांविषयी वाचलंय त्यांत या प्राण्याचा पाण्याचा हिशेब सगळ्यांत कडक. माणसाला उकडलं की घाम येतो, म्हणजे गारव्यासाठी आपण पाणी खर्च करतो. ऑरिक्स ते टाळतो. तो अंगाचं तापमान वाढू देतो, अगदी ४५ अंशांपर्यंत. एवढ्या तापात मेंदू टिकायचा नाही, म्हणून मेंदूकडे जाणारं रक्त आधी बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जातं आणि नाकातून गार होऊन आलेल्या रक्ताशेजारून वाहताना थंड होतं. दिवसभर साठवलेली उष्णता रात्रीच्या गारठ्यात सोडून द्यायची. पाणी लागतं ते मुळांतून, कंदांतून आणि त्सामा नावाच्या रानफळातून मिळवायचं. त्सामा म्हणजे कलिंगडाचा भाऊबंद, आतून पांढरट. भावाने वाटेत पडलेलं एक मला दाखवलं. कुणीतरी अर्धं खाऊन टाकलेलं, दातांच्या खुणा होत्या. मी ते हातात घेतलं. बी कलिंगडाचंच, वेल शेतात पाहिलेल्या वेलीसारखाच.

त्या मुलखात मी पहिल्यांदाच गेले होते, पण झाडं बघता बघता नात्यातली निघू लागली. मोठं काटेरी झाड बाभळीच्या कुळातलं. आखूड वळलेल्या काट्यांचं एक होतं, ते बोरीच्या जातीचं. पिवळ्या फुलांचं, गोड बारीक फळांचं झुडूप होतं, ते धामणीच्या. गवतातून एक प्रचंड पक्षी चालत गेला, एकेक पाऊल मोजून टाकत. तो कोरी बस्टर्ड, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदार समजला जाणारा, नर १८ किलोपर्यंत भरतो. त्याच्याच कुळातला आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज महाराष्ट्राच्या माळावर तो दिसणं जवळपास संपलंय. इथे एका सकाळी आम्हाला त्याचे सात भाऊबंद दिसले. मी सातही वेळा भावाला गाडी थांबवायला लावली.

चित्ता दिसला तो दुसऱ्या दिवशी, बाभळीच्या सावलीत पसरलेला, पोट भरलेला. आम्ही चाळीस मिनिटं बघत बसलो. त्याने दोनदा मान उचलली. ज्या जनावराचं नाव आपल्या 'चित्रक' शब्दावरून जगभर गेलं, ते १९५२ साली भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. दख्खनच्या माळावर काळवीटं मारून तो जगायचा. आता कुनोत पुन्हा आणलाय. तो जगावा, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नाशिकच्या घरी गॅलरीत मी बारा महिने पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवते. त्या संध्याकाळी ताटं विसळलेलं पाणी फेकवेना. मी ते थाळीत ओतून काट्याच्या झाडाखाली ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मध्यरात्रीच्या सुमारास जाग आली. खाली लपलप आवाज. बराच वेळ. मग थाळी दगडावर घासल्याचा आवाज, मग काहीच नाही. मेघाने माझा हात इतका घट्ट धरला होता की सकाळी नखांच्या खुणा दिसल्या.

उजाडल्यावर खाली उतरलो. थाळी वीस पावलांवर उपडी पडलेली. वाळूत पंजे उमटलेले, पुढचे मोठे, मागचे लहान, नखांसकट. भाऊ म्हणाला, तपकिरी तरस. मग त्याने थाळी उचलली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. तो माझ्यावर असा कधी बोलला नव्हता. "ताई, आज तो पाण्याला आला. उद्या दुसऱ्या कुणाच्या तंबूपाशी येईल, तिथे पोर असेल. मग त्यालाच गोळी घालतील. तू पाणी नाही ठेवलंस, तू त्याला माणसाची सवय लावलीस." मी गप्प बसले. तो बरोबर होता. त्या जनावराला माझ्या अर्ध्या तांब्याची गरज नव्हती. शिकारीतल्या ओलाव्यावर आणि त्सामावर त्याच्या कितीतरी पिढ्या तिथे जगल्या होत्या.

पण मग पायपर पॅनला पोचलो तेव्हा माझा गोंधळ झाला. तिथे बोअरवेलचं पाणी सोडलेला पाणवठा आहे, माणसाने केलेला. काळ्या आयाळीचे दोन सिंह पाण्याला लागले होते. मी मोबाइलवर वेळ पाहिली, अकरा मिनिटं ते मान वर न करता पीत होते. मी विचारलं, मग हे चालतं का? भावाने तिथल्या कुंपणांची हकिगत सांगितली. गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून १९५८ साली या प्रदेशाच्या उत्तर सीमेला कुके नावाचं तारेचं कुंपण घातलं गेलं, पुढे आणखी झाली. दुष्काळ पडला की विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप पूर्वी उत्तरेला, पूर्वेला पाण्याकडे चालत जायचे. त्यांची वाट तारेने अडली. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात ते हजारोंनी मेले. आधी वाट बंद केली, म्हणून मग पाणी द्यावं लागलं. हे ऐकल्यापासून 'पाणवठा' हा शब्द मला पहिल्यासारखा साधा वाटत नाही.

माणसांचंही तिथे असंच झालं. सान लोक या वाळूत हजारो वर्षं राहिले. ओलसर वाळूत पोकळ नळी खुपसून तोंडाने पाणी ओढायचं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवटीत भरून ठेवायचं, ही त्यांची विहीर. हा प्रदेश राखीव करताना तो त्यांच्यासाठीही होता. पुढे सरकारने त्यांना बाहेर हलवलं. ते कोर्टात गेले, आणि डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. विहिरीतल्या झऱ्यापुढे वाटी लावून बसलेली आई आणि नळीने पाणी ओढणारी सान बाई, माझ्या डोळ्यांपुढे त्या दोघी शेजारी शेजारीच बसलेल्या असतात.

शहामृगाचं आणखी एक. चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे, पाटणादेवीचं. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या खानदेशात शहामृग हिंडत होते आणि माणसं त्यांच्या कवचाचे मणी घडवून गळ्यात घालत होती. हे मी त्या रात्री शेकोटीपाशी दोघांना सांगितलं. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणून म्हणालो ना, आपला माळ."

रात्री पाच-सहा अंशांपर्यंत गारठा उतरायचा. दोन गोधड्या घेऊन मी तंबूच्या जाळीतून आकाश बघत पडायचे. नाशिक विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला आणि आम्ही २१ अंशांच्या जरा पलीकडे, दक्षिणेला. जवळपास तेवढेच लांब, फक्त दुसऱ्या बाजूला. त्यामुळे सप्तर्षी होते, पण उत्तरेला अगदी झाडांच्या शेंड्यांवर टेकलेले, आणि ध्रुव क्षितिजाखाली गेलेला. वृश्चिक मध्यरात्री थेट डोक्यावर. लांबून सिंहाची गर्जना यायची, आठ-आठ किलोमीटरवरून ऐकू येते म्हणतात. ती ऐकू आली की मेघा शिडी वर ओढलीय का ते बघायची. मला भीती वाटली नाही असं नाही, पण झोप लागायची.

सहाव्या दिवशी फाटकाबाहेर आलो तेव्हा सातवा कॅन न उघडलेला होता.

परत आल्यावर आठ दिवसांत मी माहेरी गेले. पाऊस अजून यायचा होता. राजापूर-ममदापूरचा माळ आता काळवीटांसाठी संवर्धन राखीव आहे, ५४ चौरस किलोमीटरच्या आसपास. लहानपणापासून मी त्याला 'पडीक' म्हणत आले. सातबाऱ्यावर तसंच असतं, शाळेच्या पुस्तकातही मी तेच शिकवलं. त्या संध्याकाळी चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले आणि बांधाला टेकून उभी राहिले. कुसळी गवत, बोरी, हिवर. एक काळा नर, पिळाची शिंगं मागे टाकून, नाक वर करून त्याच्या जागेत फेऱ्या मारत होता. पलीकडे एकोणीस माद्या आणि पिल्लं. एक पिल्लू उगाचच उसळ्या मारत पळालं, चारही पाय एकदम उचलून. कालाहारीतली स्प्रिंगबॉक हरणांची पिल्लं तशीच उसळायची. मी सहा वर्षांची असल्यापासून हे सगळं तिथे होतं आणि मी एकदाही उभी राहून पाहिलं नव्हतं.

चुलतभाऊ माझ्याएवढा आनंदी नव्हता, आणि त्याचं चुकत नाही. हरणांचा कळप रात्रीत मक्याचे कोंब आणि कांद्याचं रोप साफ करतो. राखण त्यालाच करावी लागते. वनखातं उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकरने पाणी सोडतं. ते चांगलंच आहे, कारण माळावरच्या नाल्यांचं पाणी आपण शेतात वळवलंय. पण तरी हरणं पाण्याच्या मागे वस्तीकडे येतात, मागे कुत्री लागतात, आणि अंधारात पळताना ती विहिरीत पडतात. आमच्याच विहिरीत दोन वर्षांपूर्वी एक मादी पडली होती. तीच विहीर, झऱ्याची. तिला कठडा कधीच नव्हता. माझ्या लहानपणी मी काठावर बसायचे तेव्हाही नव्हता.

त्याच रात्री ओट्यावर बसून आम्ही दोघांनी हिशेब मांडला. विटा आणि सिमेंट माझ्याकडे, मजुरी त्याच्याकडे. भावाने गाबोरोनेहून निम्मे पैसे पाठवले. कठडा आता साडेतीन फूट उंच झालाय. आतल्या बाजूचं प्लास्टर राहिलंय. मृगाच्या आत करून घेतो म्हणालाय.